हुकाची पिन

नववी ब. दुपारचा पाचवा तास.
फळ्यावर लिहिलं: बिकॉज, ऑल्दो, व्हेन, अनलेस, हू.
म्हटलं, यांच्यापासून जे वाक्य निघतं
ते एकट्यानं उभं राहत नाही.
त्याला टेकायला दुसरं लागतं.

पुस्तकातलं उदाहरण समुद्रकिनाऱ्याचं:
एक मुलगी शिंपले वेचते, जेव्हा ओहोटी असते तेव्हा.
अर्धा तास ओहोटीतच गेला.
आमच्याकडं पाणी ओसरतं ते अडाण धरणाचं,
तेही वर्षातून एकदा, आणि शिंपले कुणी वेचत नाही.

तेवढ्यात मागच्या बाकावरून वंश डाखोरे उठला.
हा सहसा उठत नाही.
"मॅडम, हे ट्रॉलीसारखं हाय का?
ट्रॅक्टर रिकामा बी गावभर हिंडते.
ट्रॉली एकली कुठीसा जात नाही."
मी विचारलं, मग बिकॉज म्हणजे काय रे?
"हुकाची पिन."

अकरा वर्षं शिकवतेय.
बीएडला ही पिन कुणी दाखवली नव्हती.
"अन् ट्रॉली पुढं घेतली त?"
चालते, म्हटलं, पण मध्ये कॉमा द्यायचा.
"हां, रिव्हर्स मारताना थांबून पाहा लागते,
तसं."

मग मराठी वाक्य दिलं, इंग्रजी करा:
विहिरीवर बसलेली बाई माझी मामी आहे.
सव्वीस वह्यांत एकच उत्तर:
वेल सॅट वुमन इज माय मामी.
मी हसले. पोरं हसली. कोणाची तरी मामी
दिवसभर विहिरीवर बसून राहिली.
पण वह्या गोळा करताना वाटलं,
चूक कशाला म्हणू?
आपल्याकडं अख्खं वाक्य 'बसलेली'त मावतं,
बोंडात सरकी असते तसं, हाताला लागत नाही.
तिकडं सरकी निराळी, रुई निराळी,
आणि मध्ये जिनच्या दातांसारखा
कुठं हू, कुठं विच.

घरचा अभ्यास: मला शाळेत उशीर का होतो,
एकाच वाक्यात.

सेजल घोडाम पलीकडच्या पार्डीहून येते.
बोलते कमी. मंगळवारी आली ती तिसऱ्या तासाला,
ओढणीनं कपाळ पुसत,
वही टेबलावर ठेवून जागेवर गेली.
वहीत हे होतं, इंग्रजीत, पेन्सिलनं:

ऑल्दो एसटी थांबली नाही
बिकॉज रस्ता खोदून ठेवला आहे,
आणि सायकल माझ्या भावानं नेली होती
हू काट्यावर कापसाचे गठ्ठे उचलतो,
आणि व्हेन आई संत्र्याच्या टोळीसोबत वरुडला जाते
माझी धाकटी बहीण जेवत नाही
अनलेस मी तिच्याजवळ बसते,
आय केम.

मी पिना मोजल्या. पाच.
एका ट्रॅक्टरला इतक्या ट्रॉल्या
पोलिसानं पाहिल्या तर अडवेल.
पुढं ओढणारं वाक्य केवढं? दोन शब्दांचं.
व्याकरणात त्यालाच मुख्य म्हणतात, मीही म्हणते,
परीक्षेत तेच विचारतात,
आणि माल सगळा मागं भरलेला.

लाल पेन हातात तसंच राहिलं.
शेवटी पाचपैकी साडेचार दिले.
जेवत नाही च्या आधीचा कॉमा राहिला होता,
जिथं आई जाते आणि बहीण सुरू होते.

सेजलनं वही घेतली. अर्ध्या मार्काला
हुज्जत घातली नाही, बाकीचे घालतात.
उभ्या-उभ्याच पेन्सिल काढली
आणि राहिल्या जागी कॉमा दिला,
इतका दाबून
की मागच्या पानावर उमटला.